‘द स्किन गेम’ यादीतून काढू नका : आमच्या फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य यांना सप्रेम नमस्कार.

मी आपल्या सोसायटीची आजीव सभासद आहे. हे पत्र आधी तुम्हाला खाजगीत पाठवायचं ठरवलं होतं, पण निर्णय सगळ्या सभासदांचा आहे आणि त्याबद्दल ग्रुपवर एका ओळीच्या मेसेजपलीकडे काहीच बोलणं झालं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. कुणाचा अपमान करायचा हेतू नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून ही सोसायटी चालू ठेवलीय हे मला माहितीय आणि त्याबद्दल आदरच आहे.

विषय असा. आपल्या वार्षिक सभेत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या सुरुवातीच्या सिनेमांची ‘हिचकॉक : इंग्लंडमधली वर्षं’ ही मालिका ठरली होती आणि यादीसुद्धा वाचून दाखवली होती. ‘द लॉजर’ (१९२७), ‘ब्लॅकमेल’ (१९२९), ‘द स्किन गेम’ (१९३१), ‘द ३९ स्टेप्स’ (१९३५) आणि ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८). आता जी नवी यादी आलीय त्यात ‘द स्किन गेम’ गायब आहे आणि त्याच्या जागी ‘सायको’ आहे. ‘सायको’ १९६०चा, अमेरिकेतला. तो इंग्लंडमधल्या वर्षांच्या मालिकेत कसा बसतो हे कुणी सांगितलं नाही. कारणं विचारल्यावर जी उत्तरं आली ती अशी, आवाज कळत नाही, नुसतं नाटक आहे, खून नाही, आणि स्वतः हिचकॉकलाच तो आवडायचा नाही. या चारही कारणांवर मला बोलायचंय, पण आधी सिनेमाबद्दल, कारण यादी बदलणाऱ्यांपैकी सगळ्यांनी तो शेवटपर्यंत पाहिलाय असं मला वाटत नाही.

गोष्ट साधी आहे. इंग्लंडमधलं एक खेडं. तिथे हिलक्रिस्ट नावाचं जुनं खानदानी जमीनदार घराणं. आणि शेजारी नव्याने पैसा कमावलेला हॉर्नब्लोअर, मातीच्या भांड्यांचे कारखाने असलेला, धडाडीचा, तोंडाने फटकळ माणूस. हिलक्रिस्टने काही जमीन त्याला विकली ती एका शब्दावर, की तिथली जुनी कुळं आहेत त्यांना हलवायचं नाही. पण कारखाना वाढला, कामगारांना घरं पाहिजेत, म्हणून हॉर्नब्लोअर शब्द फिरवतो आणि जॅकमन नावाच्या म्हाताऱ्या नवराबायकोला घर खाली करायला सांगतो. ते बिचारे जुन्या मालकाकडे येतात. इथून भांडण सुरू होतं. पुढे हिलक्रिस्टच्या घराच्या अगदी समोरची जमीन लिलावात निघते, ती घेऊन तिथे धुराडी उभी करायचा हॉर्नब्लोअरचा बेत आहे, म्हणजे या लोकांनी सकाळी खिडकी उघडली की समोर फक्त धूर.

आता बघा, गॉल्सवर्दीने (ज्याच्या १९२०च्या नाटकावरून सिनेमा घेतलाय, त्याला पुढे १९३२ साली साहित्याचं नोबेल मिळालं) हॉर्नब्लोअरला नुसता खलनायक केलेलं नाही. तो म्हणतो मी लोकांना काम देतो, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या बसून काय केलंत? आणि त्याचा खरा सल वेगळाच आहे. इतकी वर्षं शेजारी राहून या खानदानी लोकांनी त्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या सुनेला कधी भेटायला गेले नाहीत. तो धंदा म्हणून जमीन घेतोय की अपमानाचा सूड म्हणून घेतोय हे त्यालाही वेगळं करता येत नसावं. एडमंड ग्वेन या नटाने हे इतकं नीट केलंय की तुम्हाला त्याचा राग येतो आणि थोड्या वेळाने त्याची बाजूही पटायला लागते. हाच ग्वेन याच नाटकावरच्या १९२१च्या मूकपटातही हॉर्नब्लोअर होता, आणि मिसेस हिलक्रिस्ट करणारी हेलन हे ही नटीसुद्धा त्या मूकपटात त्याच भूमिकेत होती. म्हणजे एकच भूमिका एकदा आवाजाशिवाय आणि एकदा आवाजासकट केलेली ही दोन माणसं आपल्याला पडद्यावर बघायला मिळतात. मूकपटातून बोलपटात जाताना नट काय करत होते हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग तो लिलाव. माझी कार्यकारिणीला हात जोडून विनंती आहे की बाकी काही नाही तर तेवढा एक प्रसंग सगळ्यांनी एकत्र बसून बघा. कॅमेरा जवळजवळ लिलाव पुकारणाऱ्याच्या जागी आहे आणि बोली जिथून येईल तिकडे तो झटक्याने वळतो, इकडे, तिकडे, परत इकडे, आधी सावकाश आणि मग बोली चढत जाते तसा जास्तच झपाट्याने, एका क्षणी कोण बोलतंय ते कळायच्या आत पुढचा आकडा आलेला असतो. मागे संगीत नाही. नुसते आकडे आणि माणसांचे चेहरे. हिलक्रिस्टची कुवत संपते, हॉर्नब्लोअरही थांबल्यासारखा वाटतो आणि जमीन तिसऱ्याच माणसाला जाते. हिलक्रिस्ट मंडळी सुटकेचा श्वास सोडतात, निदान याला तरी नाही मिळाली. आणि मग कळतं की तो तिसरा माणूस हॉर्नब्लोअरनेच उभा केलेला होता.

हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागेल का? दुसऱ्याच्या नावाने बोली, दुसऱ्याच्या नावाने सातबारा. माझ्या माहेरच्या गावाबाहेरून बायपास जायचं ठरलं तेव्हा आमच्या शेजारच्या वावराचा व्यवहार असाच झाला, घेणारा म्हणून जो समोर आला तो नुसता सहीपुरता होता, पैसा दुसऱ्याचा, आणि ते कळेपर्यंत खरेदीखत झालेलं होतं. त्यावरून भावकीत जे पेटलं ते जमिनीपुरतं राहिलं नाही. कोर्टात जमेना म्हणून एका बाजूने दुसऱ्या घरातल्या सुनेचं लग्नाआधीचं काहीतरी उकरून काढलं आणि गावभर केलं. ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. जमीन कुणाकडे राहिली हे आज गावाला नीट आठवतसुद्धा नाही, पण तिचं नाव निघालं की अजून लोक आवाज खाली करून बोलतात. मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ती आठवली आणि म्हणून मी हे पत्र लिहितेय.

कारण ‘द स्किन गेम’चा दुसरा अर्धा भाग अगदी हेच सांगतो. हॉर्नब्लोअरची थोरली सून क्लोई लिलावात एका अनोळखी माणसाला बघते आणि तिला भोवळ यायला लागते. हिचकॉकने तिथे त्या माणसाचा चेहरा तिच्या दिशेने तरंगत येताना दाखवलाय, १९३१ मध्ये. तिचा इतिहास असा की पूर्वी पोटासाठी ती घटस्फोटाच्या खटल्यात भाड्याने उभी राहायची. त्या काळी इंग्लंडमध्ये नवराबायकोला आपसात ठरवून वेगळं होता येत नव्हतं, कुणाचा तरी व्यभिचार कोर्टात सिद्ध करावा लागायचा, मग नवरा हॉटेलात एखाद्या भाड्याने आणलेल्या बाईबरोबर दिसला असा पुरावा तयार करायचे. छळ, सोडून जाणं अशी कारणं कायद्यात आली ती १९३७ साली. म्हणजे कायदा असा आणि बदनाम झाली ती क्लोई. हिलक्रिस्टचा कारभारी डॉकर ही माहिती काढतो आणि मिसेस हिलक्रिस्ट, म्हणजे घरंदाज, सुसंस्कृत, चांगल्या घरची बाई, ती माहिती हत्यार म्हणून वापरते. जमीन परत दे नाहीतर तुझ्या सुनेचं सगळं बाहेर काढू. हॉर्नब्लोअर सही करतो. गुपित राहील असा शब्द दिलेला असतो, पण ते राहत नाही, नवऱ्याला कळतं. क्लोई आसरा मागायला हिलक्रिस्टच्या घरी येते आणि पडद्याआड उभी राहून स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकते की आता तिचं तोंड बघायचं नाही. थोड्या वेळाने तिला तळ्यातून बाहेर काढून आणतात.

शेवट सांगितल्याबद्दल कुणी नाराज होऊ नये, या सिनेमात शेवट माहीत असून काही बिघडत नाही. जमीन परत मिळाली, म्हातारं जोडपंही आपल्या घरी परत येणार, सगळं मिळालं. आणि हिलक्रिस्ट स्वतःलाच विचारत बसतो की भांडण सुरू झालं तेव्हा आपले हात स्वच्छ होते, आता आहेत का? त्यानंतर एक मोठं झाड तोडून पाडताना दिसतं आणि सिनेमा संपतो.

आता तुमची कारणं.

आवाज कळत नाही. बरोबर आहे, कारण तुम्ही जी प्रत बघितली ती नेटवर फुकट फिरणारी, कॉपीवरून कॉपी केलेली प्रत आहे. त्यात चेहरे पांढरेफटक आणि बोलणं खोल विहिरीतून आल्यासारखं. पण २०१९ मध्ये ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीसाठी हिचकॉकने केलेल्या सिनेमांचा एक चांगला ब्लू-रे संच निघालाय, त्यात ‘द स्किन गेम’ आहे. ‘द लॉजर’साठी तुम्ही ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ च्या सुमारास दुरुस्त केलेली प्रतच पाहिजे असा आग्रह धरलात, तो आग्रह मला फार आवडला होता. मग याच सिनेमाच्या बाबतीत खराब प्रत बघून सिनेमाच खराब ठरवला हे कसं? मुळात हिचकॉकच्या नऊ मूकपटांवर जेवढी मेहनत आणि पैसा लागला, जेवढी चर्चा झाली, त्याच्या मानाने लगेच नंतरचे त्याचे बोलपट मागेच पडले, आणि आपण पण तेच करायचं का?

नुसतं नाटक आहे. हो, नाटकावरून घेतलाय आणि ते लपवलेलं नाही. पण १९३१ म्हणजे काय साल होतं ते लक्षात घ्या. त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, आणि मराठी बोलपट यायला १९३२ उजाडावं लागलं, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्या काळात कॅमेऱ्याचा खडखडाट मायक्रोफोनला ऐकू जायचा म्हणून कॅमेरा पेटीत नाहीतर खोलीत बंद करावा लागे, मायक्रोफोन कुठेतरी लपवलेला, त्याच्या टप्प्यातच नटाने बोलायचं. नंतर आवाज भरायची सोय जवळजवळ नव्हतीच. हिचकॉकने ‘ब्लॅकमेल’ करताना नायिका ॲनी ऑन्ड्राचे इंग्रजी उच्चार चालेनात म्हणून जोन बॅरीला कॅमेऱ्याच्या बाहेर उभं करून संवाद म्हणायला लावले होते आणि ॲनीने फक्त ओठ हलवले, हे आपल्याच सोसायटीत एका व्याख्यानात सांगितलं गेलंय. या अडचणीत राहून ‘द स्किन गेम’मध्ये तो काय करतो ते बघा, बोलणारा माणूस दिसतच नाही, कॅमेरा ऐकणाऱ्यावर थांबलेला असतो. क्लोई ऐकतेय आणि बोलणारे दुसरे आहेत. जिच्याबद्दल सगळे बोलतात तिला कुणी बोलू देत नाही. ज्याला हे नुसतं नाटक वाटतं त्याने नाटकाच्या थिएटरात हे कसं दाखवता येईल ते सांगावं.

खून नाही. या कारणाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. हिचकॉक म्हणजे सुरी, बाथरूम आणि किंकाळी एवढंच आपण नव्या पोरांना शिकवणार असू तर मालिका कशाला, ‘सायको’ तर सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. खून करायला माणूसच लागतो असं नाही, चार सभ्य माणसं दिवाणखान्यात बसून चहा पीत एका बाईला संपवू शकतात हे या सिनेमात दिसतं.

हिचकॉकलाच आवडायचा नाही. हो, त्याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलं की हा विषय त्याने निवडलेला नव्हता, आणि त्यावर फार बोललाही नाही. पण कलावंताला स्वतःचं काय आवडतं यावर आपण सिनेमे निवडायला लागलो तर निम्मी यादी रिकामी होईल. त्याच हिचकॉकने १९५९ मध्ये ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये पुन्हा लिलाव रंगवला, आणि बदनामीच्या भीतीने दाबलेली बाई तर त्याच्या कितीतरी सिनेमांत येते. त्याचं पुढचं काम समजायला हा सिनेमा उपयोगाचा आहे.

अजून एक तक्रार आहे आणि ती सिनेमाची नाही, कामाच्या पद्धतीची आहे. वार्षिक सभेत हात वर करून ठरलेली यादी कार्यकारिणीने परस्पर बदलली. अडचण होती तर सभासदांना विचारायचं होतं. मागच्या मालिकेच्या वेळी पण असंच झालं होतं, तेव्हा आम्ही गप्प बसलो. गर्दी कमी होतेय, हॉलचं भाडं वाढलंय, हे सगळं मान्य. पण १९५९ साली सत्यजित राय अध्यक्ष असताना फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन उभं राहिलं ते थिएटरात जे लागत नाही ते लोकांपर्यंत न्यायला. गर्दीसाठीच दाखवायचं तर त्याला मल्टिप्लेक्स आहेत.

आणि गर्दी येणार नाही हे तरी कशावरून? आपल्याकडचं प्रेक्षक जमीन, सावकार, कागदावरचा अंगठा हे विषय अंगाने ओळखतं. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला, त्यात खोट्या कागदाने जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला जातो, तो तरुण शेतकरी शांताराम बापूंनी (व्ही. शांताराम) केला होता. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, पेंटरांनीच तो विषय पुन्हा बोलपट म्हणून केला. म्हणजे गॉल्सवर्दीचं नाटक आधी मूकपट आणि मग बोलपट झालं, तसंच इथेही झालं, साधारण त्याच वर्षांत. इंग्लंडमध्ये कारखानदार आणि जमीनदार, इथे सावकार आणि शेतकरी. १९२५चा आपला मूकपट आज बघायला मिळत नाही, हळहळ करण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. पण जो बघायला मिळतो, नीट प्रतीत मिळतो, तो आपण होऊन बाजूला टाकायचा हे मला सहन होत नाही.

आता माझ्या मागण्या, स्पष्टच लिहिते.

‘द स्किन गेम’ परत यादीत घ्यावा, ‘ब्लॅकमेल’ आणि ‘द ३९ स्टेप्स’च्या मध्ये, जिथे तो आधी होता तिथेच. ‘सायको’ दाखवायचाच असेल तर वेगळ्या दिवशी दाखवा, माझा विरोध नाही, मी स्वतः येईन.

दाखवायचा तो नीट प्रतीवरून, रीतसर परवानगी घेऊन, इंग्रजी सबटायटलसकट. खर्चाचा प्रश्न असेल तर आम्ही काही सभासद वर्गणी काढायला तयार आहोत, तशी यादीही माझ्याकडे तयार आहे.

सोबत एका पानाचं मराठी टिपण वाटावं. त्यात तेव्हाचा इंग्लंडचा घटस्फोटाचा कायदा नक्की असावा, कारण तो माहीत नसेल तर क्लोईने नेमकं काय केलं होतं हेच कळत नाही आणि लोक तिच्याबद्दल भलताच समज करून घेतात. टिपण लिहायला मी तयार आहे, कार्यकारिणीने तपासून घ्यावं, नाव नाही टाकलं तरी चालेल.

सिनेमा संपल्यावर अर्धा तास चर्चेला ठेवावा आणि त्यात सूत्रसंचालन कुणा समीक्षकापेक्षा जमिनीचे व्यवहार जवळून बघितलेल्या माणसाकडे द्यावं, आपल्या सभासदांत वकील आहेत, तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. मिसेस हिलक्रिस्टने जे केलं ते चूक की नाइलाज यावर त्यांचं ऐकायला मला फार आवडेल. आणि बायकांना बोलायला वेळ ठेवा, दरवेळी शेवटच्या पाच मिनिटांत आम्हाला माईक मिळतो.

शेवटचं म्हणजे सभेत ठरलेली यादी बदलायची असेल तर किमान आठवडाभर आधी सभासदांना कारणासकट कळवायचं, असा ठराव पुढच्या बैठकीत घ्यावा. मी तो लेखी मांडणार आहे, अनुमोदन द्यायला दोन सभासद तयार आहेत.

या पत्राला ग्रुपवर नाही तर लेखी उत्तर मिळावं ही अपेक्षा. मालिकेची पत्रकं अजून छापायला गेलेली नाहीत असं सचिवांकडून कळलं, म्हणजे दुरुस्ती करायला वेळ आहे. छापखान्यात जायच्या आधी निर्णय कळवा.

आपली,
सोसायटीची एक आजीव सभासद